हार्ड डिस्कचा सातबारा

खानदेशात लग्नाच्या तारखा संपत आल्या की हार्ड डिस्कांच्या मरणाच्या तारखा सुरू होतात. यात योगायोग काही नाही. चार महिने शूटिंगवाला एका गावच्या हळदीतून उठून दुसऱ्या गावच्या वरातीत उतरत असतो. दिवसभरात भरलेली कॅमेऱ्याची कार्डं रात्री डिस्कवर रिकामी करायची, डिस्क मोटारसायकलच्या डिकीत टाकायची. डिकीत आधीच पाना, पक्कड आणि कुठल्यातरी लग्नात मानाचा म्हणून मिळालेला नारळ. हा नारळ सगळी लग्नसराई डिस्कच्या डोक्यावर आपटत फिरतो. डिस्कच्या आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरचं वाचणारं टोक चकतीला न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं, असं कंपनी सांगते. नारळाबद्दल ती काही सांगत नाही.

मी सांगतोय ती गोष्ट नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याची. गुजरातची हद्द इथून इतकी जवळ, की मोबाइल अधूनमधून मालकाला न विचारता राज्य बदलतो. गावातल्या स्टुडिओच्या पाटीवर फोटो, व्हिडिओ शूटिंग, ड्रोन, झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, रिचार्ज आणि ‘येथे सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ एवढं सगळं आहे. फोटोग्राफरचं नाव लिहायला जागाच उरलेली नाही. सगळे त्याला भाऊ म्हणतात. भाऊच्या हाताखाली एक पोरगा आहे. तो दिवसभर फॉर्म भरतो. फॉर्म भरणाऱ्याचं एक असतं: समोर कुठलीही चौकट आली की न वाचता ‘हो’ दाबायचं. अटी मान्य? हो. माहिती खरी आहे? हो. पुढे जायचं? हो. अशात एके दिवशी डिस्कची वायर नीट बसली नाही आणि कॉम्प्युटरनं विचारलं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? पोरानं सवयीनं ‘हो’ म्हटलं. सबंध सीझनची लग्नं डोळ्यादेखत मोडली.

बातमी फुटायला काही वेळ लागला नाही, कारण एका नवरदेवाचे वडील पेनड्राइव्ह न्यायला त्याच वेळी दारात उभे होते. “काय व्हयनं भाऊ?” त्यांनी विचारलं. “डिस्क जरा रिकामी दाखवतेय,” भाऊ म्हणाला. ‘जरा रिकामी’ हा शब्दप्रयोग मी तेव्हापासून जपून ठेवला आहे.

मग सल्लागार जमले. आपल्याकडे डॉक्टर कमी आणि उपचार जास्त, तशातला प्रकार. एकानं सांगितलं, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हा उपाय एके काळी जगभर सांगितला जात असे आणि अडकलेल्या जुन्या डिस्का त्यानं क्वचित चार मिनिटं चालल्याही असतील. पण भाऊच्या डिस्कला ताप नव्हताच. ती ठणठणीत होती. तिला फक्त काही आठवत नव्हतं. दुसऱ्यानं तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितलं. तो भिजलेल्या मोबाइलचा इलाज, पण घरोघरी तांदूळ असतोच, म्हणून सुचला. तिसरा म्हणाला, सुरतला एक माणूस आहे. प्रत्येक संकटात नंदुरबार जिल्ह्यात असा एक जण निघतोच जो म्हणतो सुरतला एक माणूस आहे. त्याचा पत्ता कुणाकडे नसतो.

कॉलेजातल्या एका मुलानं मात्र सगळ्यांना गप्प केलं. तो म्हणाला, कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान २००३ साली कोसळलं. त्यातली एक जळकी, वितळलेली डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका आटलेल्या तळ्यात सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातली जवळजवळ सगळी माहिती बाहेर काढली आणि यानातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली छापूनही आले. हे खरं आहे. त्यातली गोम अशी की त्या कॉम्प्युटरवर जुनाट डॉस होतं, आणि डॉसनं माहिती अस्ताव्यस्त न विखुरता एका बाजूला नीट रचून ठेवली होती, म्हणून वाचली. पण ही गोम सांगायच्या आतच नवरदेवाच्या वडिलांनी निष्कर्ष काढला होता: आभाळातून पडलेली वाचते, तर टेबलावर बसल्याजागी गेलेली वाचलीच पाहिजे. भाऊकडे उत्तर नव्हतं.

इथे आप्पांचा प्रवेश. आप्पा निवृत्त तलाठी. झेरॉक्सला येतात आणि वर्तमानपत्र वाचून जातात. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही, आणि त्या दुकानात तो विषय सगळ्यात आधी त्यांनाच कळला.

कॉलेजचा मुलगा समजावत होता की फाइल उडवली म्हणजे ती खरोखर उडत नाही. डिस्कवर एक यादी असते: कुठली फाइल कुठल्या जागेत आहे त्याची. उडवताना यादीतली नोंद तेवढी रद्द होते. मजकूर होता तिथेच राहतो. कॅमेऱ्याच्या जुन्या, लहान कार्डांवर तर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे एक खूण करतात, बस्स.

“म्हणजे कंस केला,” आप्पा म्हणाले.

सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी करायचं झालं की ते खोडत नाहीत, कंसात घालतात. आप्पांनी उभ्या हयातीत हजारो माणसं कंसात घातली होती. “नाव कमी केलं, कब्जा तसाच. कागदावर पडीक, शेतात पीक उभं.” मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला एका सेमिस्टरमध्ये जे शिकवलं होतं ते आप्पांनी पेपरावरून मान न उचलता सांगितलं होतं.

त्यानंतर शिकवणी उलटी झाली. फॉरमॅट म्हणजे काय? सगळं दप्तर बाजूला सारून कोरं दप्तर उघडलं. गावातली शेतं जागच्या जागी. मग धोका कसला? धोका हा, की कोऱ्या दप्तराप्रमाणे सगळं गाव मोकळं दिसतं, म्हणून नवी फाइल आली की तिला कुणाच्याही उभ्या पिकात जागा मिळते, आणि तिनं नांगर घातला की जुनं पीक गेलं ते गेलं. म्हणून पहिला नियम, त्या डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. “जैसे थे,” आप्पा म्हणाले आणि पोराच्या हातातला माउस काढून घेतला. डिस्कवरच्या खराब जागांना बॅड सेक्टर म्हणतात हे कळल्यावर त्यांनी ‘पोटखराबा’ म्हणून मान डोलावली. आणि मोठी फाइल सलग न राहता तुकड्यातुकड्यांनी सतरा ठिकाणी पडलेली असते, हे ऐकून ते खरोखर रागावले. “तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे!”

एकदाच ते थबकले. नव्या एसएसडी डिस्कांत फाइल उडवली की ट्रिम नावाची आज्ञा जाते, डिस्कला सांगते ही जागा आता मोकळी, आणि डिस्क सवडीनं ती जागा आतून साफ करून टाकते. मग कुठलंच सॉफ्टवेअर काही आणू शकत नाही. “बुडीत,” ते म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. नोकरीची काही वर्षं त्यांनी अक्कलकुव्याकडे, नर्मदेकाठच्या गावांचे पंचनामे करण्यात काढली होती. भाऊची डिस्क जुन्या पद्धतीची, चकत्यांची होती हे त्याचं नशीब.

आता सॉफ्टवेअर. भाऊनं आधी बाजारात मिळतात तसली दोन-तीन चालवून बघितली. ती उदारपणे सगळी डिस्क तपासतात, हरवलेल्या फोटोंच्या टिचभर प्रतिमा रांगेत दाखवतात, नवरीचा अर्धा चेहरा दिसू देतात, आणि ‘परत मिळवा’ दाबलं की क्रेडिट कार्डाचा नंबर विचारतात. नवरदेवाच्या वडिलांनी हे पाहून “ही तर ओलीस ठेवली!” असं म्हटलं, ते अगदी बरोबर होतं. फुकटातलं शोधायला गेलं तर पानावर डाउनलोडची चार बटणं, त्यातली तीन जाहिरातींची. पोरगा सवयीप्रमाणे तिन्हींना ‘हो’ म्हणणार होता. आप्पांनी माउस आधीच जप्त केला होता म्हणून कॉम्प्युटर वाचला.

अखेर कॉलेजच्या मुलानं फोटोरेक आणलं. हे खरोखर फुकट. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसानं लिहिलेलं, कुणीही वापरावं, कुणीही आतून उघडून बघावं अशा परवान्यानं दिलेलं. त्याचंच जुळं भावंड टेस्टडिस्क. त्याचं काम हरवलेलं दप्तर पुन्हा जुळवायचं. फोटोरेक दप्तराच्या वाटेलाच जात नाही. ते सरळ बांधावर उतरतं आणि शेतामागून शेत बघत चालतं: इथे काय उगवलंय? जेपीजी फोटो असेल तर त्याची सुरुवात नेहमी ‘एफएफ डी८ एफएफ’ अशीच होते. पीडीएफ असेल तर टक्क्याच्या चिन्हापुढे ‘पीडीएफ’ लिहिलेलं असतं. अशा चारशेऐंशीहून जास्त जाती त्याला ओळखता येतात. मालकाचं नाव ते विचारत नाही. “नमुना सात नाही, नुसता नमुना बारा,” आप्पा म्हणाले. पीकपाहणीवर त्यांचा विश्वास कमी होता, कारण त्यांनी ती बऱ्याचदा पारावर बसून केलेली होती.

फुकट म्हटल्यावर लोकांना शंका येते. पण फोटोरेकला रूप नाही, हे त्याच्या पथ्यावर पडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही. सिनेमात बँक फोडणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर असाच पडदा असतो. दुकानातली गर्दी आदरानं दोन पावलं मागे सरकली. शिवाय सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवरच ठेवायचं, त्याच डिस्कवर नाही, हा नियम. म्हणजे तेवढीच मोठी नवी डिस्क आली. फुकटच्या सॉफ्टवेअरपायी भाऊला काही हजारांचा खर्च झाला आणि तो त्यानं ‘डिजिटल खर्च’ या नावाखाली पुढच्या सीझनच्या पॅकेजात घातला.

पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. तो कमी होत जाईल अशी कुणाची समजूत असेल तर ती लगेच काढून टाकावी. आधी चार तास म्हणाला, मग अकरा, मग सहा. तासाभरानं वीज गेली. सगळ्यांनी इन्व्हर्टरकडे पाहिलं. इन्व्हर्टरनं कसंबसं धरलं, पण तेवढ्यासाठी पंखा बंद ठेवावा लागला आणि नंदुरबारच्या मिरचीसारखी लाल झालेली माणसं घाम पुसत सेक्टर मोजत बसली.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. आणि खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

फोटोरेक पीक आणतं, नाव आणत नाही. भाऊनं ‘हळद’, ‘साखरपुडा’, ‘वरात फायनल’, ‘वरात फायनल खरं’ असे लावलेले सगळे फोल्डर गेले. त्यांच्या जागी एकापुढे एक नुसत्या नंबरांचे खण, प्रत्येकात पाचशे फाइली, आणि फाइलींची नावं ‘एफ’ अक्षरापुढे सात-आठ आकडे. एका तालुक्याचा अख्खा सीझन एकमेकांत कालवला गेला होता. कुणाची सासू कुणाच्या जावयाला ओवाळत होती, कुणाच्या मंडपात कुणाचा घोडा.

सगळ्यात वाईट अवस्था हळदीच्या फोटोंची. हळद लागल्यावर माणसाचं वैयक्तिक असं काही उरत नाही. दोन आया एकाच पिवळ्या चेहऱ्यावरून भांडत होत्या, “माझाच आहे, कानावरून सांगते.” यावर सॉफ्टवेअर नाही. यावर उपाय म्हणजे नवरदेवाची आत्या. आत्याबाईंना प्रत्येक लग्नातली प्रत्येक साडी, ती कुणी दिली, किती वाजता नेसली आणि आहेरात आलेली परत कुणाला दिली, सगळं पाठ होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हातात काठी घेतल्यासारख्या बोट दाखवत गेल्या. “ही आपली. ही नाही. ही आपल्याकडची, पण आपल्या लग्नातली नाही.” बिननावाच्या हजारो फाइलींची वर्गवारी त्यांनी जेवणापर्यंत संपवली. चेहरे ओळखणारी यंत्रं माणसाचा चेहरा बघतात. आत्याबाई काठ बघत होत्या.

आणि जे परत आलं त्यात, मुद्दाम उडवलेलंही परत आलं. याचा विचार कुणीच केला नव्हता. यंत्राला काय, रागानं उडवलेलं आणि चुकून उडालेलं सारखंच. काकांचे डोळे मिटलेले फोटो आले. बासुंदीची वाटी तोंडाला लावलेल्या मामी आल्या. व्याह्यांनी हात पुढे केलाय आणि दुसऱ्या व्याह्यांनी तो पाहिलाच नाही, हा भाऊनं शांततेखातर त्याच रात्री पुसलेला फोटोही आला, आणि तोच नेमका चांगला स्पष्ट आला.

त्याहून मोठा घोटाळा गोऱ्या रंगाचा. अल्बम करताना सगळ्या नवऱ्या दोन-चार छटा उजळवायच्या, हे आपल्याकडच्या अल्बमवाल्यांचं ब्रीद. फोटोरेकनं उजळ फोटो थोडे आणि मूळ फोटो भरपूर आणले. सातपुड्याच्या उन्हात वाढलेल्या पोरींचे खरे, तजेलदार, सावळे चेहरे पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर झळकले. माझं मत विचाराल तर त्यातला एकेक फोटो अल्बमच्या मुखपृष्ठावर घालावा असा होता. माझं मत कुणी विचारलं नाही. प्री-वेडिंगचं तर पितळच उघडं पडलं: आयफेल टॉवरसमोर हातात हात घालून उभं असलेलं जोडपं मुळात तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी उभं होतं, आणि मागे एक म्हैस स्वच्छ दिसत होती. पॅरिसला जाताना तिला कापलं होतं.

याखेरीज फुकटात आलेला माल वेगळाच. पोरानं कधीकाळी भरलेल्या फॉर्मांचे अंगठे, कुणाकुणाच्या रेशन कार्डांच्या, जात दाखल्यांच्या, बँक पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती. हे बघून मात्र माझं हसणं थांबलं. आपल्या जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. तेव्हापासून प्रत्येक कामाला एक प्रत, आणि प्रत्येक प्रत कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या डिस्कवर कंसात पडलेली. ती डिस्क उद्या भंगारात जाईल आणि भंगारवाल्याच्या भाच्यालाही फोटोरेक फुकटच मिळेल. जुना कॉम्प्युटर विकताना फाइली नुसत्या उडवू नका, डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत नांगर फिरवा, म्हणजे सगळ्या जागेत एकदा शून्य लिहून काढा. तेही फुकटच होतं. भाऊनं हे दाखले बाजूला काढले आणि त्याच दुपारी नीट पुसले, एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

डिस्कच्या तळाशी जुन्या लग्नपत्रिकाही सापडल्या, वीस वर्षांपूर्वीच्या. फाइल धडधाकट, अक्षर अन् अक्षर जागेवर, आणि उघडली तर आत नुसते आकडे, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं. कारण मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉण्टात टाइप केलेला आणि तो फॉण्ट आता कुणाकडे नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून आहे. आपल्या डीटीपीवाल्यांकडे ती रमतगमत आली, काहींच्या बाबतीत अजून वाटेत आहे. “आमचे येथे श्रीकृपेकरून” एवढं आप्पांनी न वाचताच सांगितलं. पत्रिकेची सुरुवातही जेपीजीसारखी ठरलेलीच असते.

आप्पांच्या मते हे सॉफ्टवेअर सरकारी कचेऱ्यांत सक्तीचं करायला हवं. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून कचेऱ्यांतल्या हार्ड डिस्का विलक्षण वक्तशीर झाल्या: अर्ज आला की जातात. कुणीतरी मंत्रालयाच्या आगीची आठवण काढली. २१ जून २०१२ ची ती आग, त्यात माणसंही गेली, म्हणून तिच्यावर विनोद करवत नाही; एवढंच, की जळालेल्या कागदाला ‘एफएफ डी८’ अशी खूण नसते, आणि त्या फायली पुन्हा उभ्या करायला सरकारला नुसत्या माणसांच्या आठवणींवर आणि इतरत्र पडलेल्या प्रतींवर हात घालावा लागला. आप्पा म्हणाले, आठवणी कुणाच्या घेतल्या त्यावर आहे.

फोटो मिळाले, व्हिडिओचं तसं झालं नाही. व्हिडिओची फाइल अवाढव्य, तुकडे लांबलांब पडलेले. फोटोरेक एक तुकडा धरून चालत जातं आणि पुढे बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतात शिरतं. भाऊनं चार रात्री बसून काही तुकडे हातानं जोडले, मध्ये गाणी घातली, फुलं उडवली. नवरदेवाच्या वडिलांना पेनड्राइव्ह मिळाला. घरी सगळ्यांनी तो बघितला आणि नावाजला. त्यात आहेराच्या वेळी एक उंच, फेटेवाले गृहस्थ येतात, खिशातून पाकीट काढतात, कॅमेऱ्याकडे बघून ते सावकाश देतात, आणि निघून जातात. मुलाकडच्यांना ते मुलीकडचे वाटले, मुलीकडच्यांना मुलाकडचे. दोन्हीकडच्यांनी, माणूस भारदस्त आहे, असं एकमेकांना सांगितलं.

पुढे एक दिवस ते गृहस्थ स्वतः स्टुडिओत आले. त्यांच्या साडूच्या घरी लग्न झालं होतं, त्याच सीझनला, शूटिंग भाऊचंच. आणि आहेराच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं, व्हिडिओतही ते दिसत नव्हते. साडू म्हणे, तू पाकीट दिलंच नाहीस.

“अकराशे दिले होते,” ते भाऊला म्हणाले. “कॅमेऱ्याकडे बघून दिले होते.”

भाऊनं त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि पोराला आप्पांना बोलावून आणायला पाठवलं.